पेटीतलं पितळ

नकाशात नसलेल्या एका धबधब्याची उंची मोजायला आम्ही तिघं निघालो होतो: मी, माझी ताई आणि तिचे यजमान, म्हणजे माझे भावोजी. भावोजी मोजणी खात्यात होते. हे काम झालं की नव्या नकाशावर त्यांचं नाव येणार होतं. त्याला आता बावन्न वर्षं झाली, पण ती वाट माझ्या तळपायांना अजून पाठ आहे.

निघताना प्रत्येक पिशवी काट्याला लावायची, नऊ किलोंच्या वर गेली की काहीतरी काढून ठेवायचं, हा भावोजींचा नेम. औषधांची पेटी माझ्या पिशवीत होती. वजन बरोबर भरलं, म्हणून मी ती उघडून पाहिली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी धबधब्याचा आवाज कानावर येऊ लागला, आणि शेवाळलेल्या खडकावरून ताईचा पाय सटकला. दोन पुरुष खोल गेली ती! नडगी जिथे वाकू नये तिथे वाकली होती.

"मेले नाही ना गं मी?"

"मेलेली माणसं एवढं बोलत नाहीत. हलू नकोस."

मी पेटी उघडली. हाड बांधायच्या खपच्या नव्हत्या. पट्ट्या नव्हत्या. मोजणीच्या दुर्बिणीचे पितळी भाग होते, कापसात नीट गुंडाळलेले!

"माझी पिशवी दीड किलो जास्त भरत होती," भावोजी म्हणाले. "इतक्या वर्षांत लागल्यात का कधी त्या पट्ट्या?"



"मोजकाठी द्या, भावोजी. कापून दोन खपच्या होतील."

"आणि मोजू कशाने? दोन तासांचं काम आहे. हा आलोच."

पितळ उचललं, काठी उचलली आणि गेले.

मग मी कोयत्याने दोन सरळ फांद्या तोडल्या. चादर फाडली. ताईच्या बुटाची नाडी सोडून बूट-मोजा अलगद काढला. हाड ओढून सरळ करायच्या फंदात पडले नाही. गुडघ्याच्या वरपासून टाचेच्या खालपर्यंत फांद्या लावल्या, मध्ये घोंगडीचे तुकडे भरले आणि मोडलेली जागा सोडून वरखाली गाठी मारल्या. ताईने दातांत पट्टा धरला होता. शेवटी तिच्या पायाच्या अंगठ्याचं नख दाबून सोडलं. पांढरं पडलं, पुन्हा गुलाबी झालं. रक्त खेळत होतं!

दोन तास गेले. चार गेले. ऊन उतरू लागलं.

"चल," ताई म्हणाली. "ते यायचे नाहीत."

खाली वनरक्षकाची चौकी होती. ताई बसल्या बसल्या मागे हात टेकून सरकत होती, मी पुढून तिचा पाय तोलून धरत होते. थांबलो की आधी नख बघायचं, मग पाणी प्यायचं. ओढा आडवा आला तेव्हा तिला पाठीवर घेतलं. पाणी कमरेला लागलं. पाय घसरला. सावरला. पुन्हा एक पाऊल. पोचलो!

दोन दिवसांनी भावोजी दवाखान्यात आले, गुळगुळीत दाढी करून. धबधबा एकशे बारा मीटर भरला होता म्हणे.

"त्या फांद्या बांधल्या होत्या कुणी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "म्हणून पाय वाचला."

"आम्हीच," भावोजी म्हणाले. "तिघांनी मिळून."

ताईने त्यांच्याकडे मानही वळवली नाही. माझा हात धरून म्हणाली, "तुझ्या खोलीला पायऱ्या किती गं?"

"अठरा."

"चढेन."