चौथ्या बैठकीतलं एक वाक्य

आमच्या अभ्यासाचा नियम साधा होता: आपण तोंड बंद ठेवायचं. समोरच्या माणसाने डोळे मिटून आपल्यावर गुदरलेला प्रसंग सांगायचा, आणि तोही ‘झालं’ असा नाही, ‘होतंय’ असा. दर पाच मिनिटांनी मी फक्त विचारायचं, “आता किती?” त्याने भीतीला शून्य ते शंभरमधला आकडा द्यायचा. धीर द्यायचा नाही, काही सुचवायचं नाही, चुकचुकायचंसुद्धा नाही. माझ्यासारख्या बोलघेवड्या बाईला ही शिक्षाच. पण पंधरा वर्षांत मी एकदाही नियम मोडला नव्हता आणि, खोटं कशाला सांगू, मला त्याचा गर्व होता.

खोलीही नियमात बसणारी. दोन खुर्च्या, टेबल, त्यावर रेकॉर्डर, फिकट हिरव्या भिंती. खिडकीतून पार्किंग दिसायचं. एरवी कुणाचं लक्षही जाऊ नये अशी जागा.

सतरा नंबरचा पेशंट म्हणजे बसचा ड्रायव्हर. चार वर्षांपूर्वी त्याची बस चढावर पेटली. प्रवासी उतरले, हा आपल्या बाजूच्या खिडकीतून बाहेर पडला आणि कंडक्टर मागे अडकून आतच जळून गेला. उंचीमुळे त्याला सगळे लंबू म्हणायचे. तो काचेवर मारत होता त्या थापा ड्रायव्हरला अजून ऐकू येत होत्या. तेव्हापासून हा माणूस कुठल्याही गाडीत बसला नव्हता. आमच्याकडेही दीड तास चालत यायचा. मुलगी दूरच्या शहरात, तिचे दिवस भरत आलेले.

“तिने एकच मागितलंय, मॅडम,” तो पहिल्या दिवशी म्हणाला. “बाबा, बाळ बघायला या. आता तिथवर काय पायी जाऊ?”

तीन बैठका झाल्या, आकडा नव्वदच्या खाली उतरेना. थापांपाशी आला की तो अडायचा आणि त्याचा उजवा पाय ब्रेक शोधत फरशीवर दाबला जायचा. चपलेचा तिथे काळा ओरखडाच उमटला होता. मला तो बरा व्हायला हवा होता. अभ्यासासाठी वगैरे नाही. माझा त्याच्यावर जीव जडला होता, बस.

चौथी बैठक मंगळवारी दुपारी होती.

“धूर खाली येतोय,” तो सांगत होता. “मागचं दार उघडत नाहीये. लंबू काच बडवतोय.”

“आता किती?”

“शंभर. बडवतोय तो, मॅडम. बडवतोय.”

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “सीटखाली हातोडी आहे म्हणावं त्याला. कोपऱ्यात मार. काच कोपऱ्यात फुटते.”

त्याचा पाय एकदम सैल पडला.

काच फुटल्याचा आवाज मी ऐकला, असं मी म्हणणार नाही. पण त्याने डोळे उघडले आणि आम्ही दोघांनी एकाच क्षणी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

“किती?” मी विचारलं.

“वीस,” तो म्हणाला. आणि त्याने प्यायला पाणी मागितलं.

मी शरमेने अर्धमेली झाले. मोठ्या डॉक्टरांना कळवायलाच हवं होतं. कळवण्याआधी नोंदी नीट वाचाव्यात म्हणून फाइल उघडली. पहिल्याच पानावर, माझ्या अक्षरात, लिहिलं होतं: ‘कंडक्टर मागची काच फोडून बाहेर. हातांना जखमा.’

मी पहिलं रेकॉर्डिंग लावलं. त्यातही ड्रायव्हर तेच सांगत होता. तीनदा ऐकलं.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “लोकांची दुःखं ऐकून ऐकून तुझी गल्लत झालीय. चार दिवस रजा काढ.” मी ते मान्य केलं. दुसरं करणार काय? माझ्या डोक्यातल्या आठवणीपेक्षा कागद खरा मानायचा, हेच तर मी आयुष्यभर शिकवत आले. फक्त चौथ्या रेकॉर्डिंगमधलं माझं वाक्य जसंच्या तसं होतं. ते मी कुणाला ऐकवलं नाही, कळवलंही नाही.

पाचव्या बैठकीत दहा. सहाव्या बैठकीत शून्य.

दोन आठवड्यांनी त्याचा फोन आला. “मॅडम, नातू झाला! गाडीने आलो. खिडकीजवळ बसून आलो!” मागे बाळ टाहो फोडत होतं. फोन ठेवून मी जिन्यात गेले आणि मनसोक्त रडले. किती दिवसांनी छाती हलकी झाली होती.

पुढच्या आठवड्यात तो परतला आणि आपल्या एका दोस्ताला घेऊन आला. दोस्त दारातून वाकूनच आत शिरला. हातांवर जुने पांढरे व्रण. हसरा, थोडा लाजाळू.

“आमचा लंबू,” ड्रायव्हर म्हणाला. “याला झोप येत नाही. याचंही बघा जरा.”

मी हात पुढे केला. त्याचा हात चांगला उबदार होता. जिवंत माणसाचा हात इतका छान लागतो, हे मला नव्याने कळलं. नोंदी, आठवणी गेल्या खड्ड्यात. माणूस समोर बसलाय ना! मी खुशीतच नवा फॉर्म काढला. ड्रायव्हर बाहेर बाकावर जाऊन बसला.

“काय होतं नेमकं?”

“डोळा लागला की तेच दिसतं. काच फुटते, मी बाहेर पडतो आणि जाग येते.”

“कधीपासून?”

त्याने बोटांवर मोजलं. “सहा आठवडे होतील. मंगळवार होता. दुपारची वेळ.”

मी लिहून घेतलं. पुढचा प्रश्न छापलेलाच होता, तो विचारला.

“आणि त्याआधी? आग लागल्यापासूनची चार वर्षं?”

त्याला आठवायला वेळ लागला. मग त्याचा चेहरा निवळला.

“त्याआधी काही त्रासच नव्हता, ताई. गाढ झोपलो होतो. चार वर्षांत एकदासुद्धा कूस बदलली नाही.”