उबीनचा खडा

मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. आठ आणि तीन अकराच होतात, कुणाला वाईट वाटेल म्हणून बारा होत नाहीत. तेव्हा हे वाचून ‘बाईंना भास झाला असेल’ म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. मी मोजलं होतं, दोनदा.

आम्ही सिंगापूरला वुडलँड्समध्ये राहतो, अकराव्या मजल्यावर. माझे यजमान उल्हास जहाजावर चीफ इंजिनिअर होते. लग्नाला चौतीस वर्षं झाली, आणि त्यात किती सहली बुडाल्या ते विचारू नका. दरवेळी तेच: बदली माणूस आला नाही, जहाज सुटलं, तू मुलांना घेऊन जाऊन ये. म्हणून एकसष्टाव्या वर्षी मी कुणालाही न विचारता अल्बानियाची सहल ठरवली. आठ दिवस डोंगरातून चालायचं, रोज नव्या गावात कुणाच्या तरी घरी जेवायचं, त्यांच्या पाणचक्क्या आणि हातमाग बघायचे. मुलगा म्हणाला, “आई, स्वित्झर्लंडला जा ना.” स्वित्झर्लंडचे फोटो बघून बघून माझे डोळे विटलेत. कोणी जाऊन आलेलं नाही अशा ठिकाणी मला एकदा जायचं होतं, बस्स.

उल्हास यायला तयार झाले. त्यांची धाकटी बहीण शैला पुण्याहून आमच्याकडे आली होती, बँकेतून नुकतीच निवृत्त झालेली. तीही म्हणाली, मी येते. झालो तिघं.

सराव म्हणून रविवारी पुलाउ उबीनला, जवळच्या एका बेटावर, चालायला जायचं ठरलं. चांगीच्या धक्क्यावरून लहान बोट सुटते, पण बारा माणसं भरल्याशिवाय बोटवाला हलत नाही. पहिल्याच रविवारी बेटावर उतरलो आणि थोडं चालून गेल्यावर शैला मध्येच थांबली.

“वहिनी, आपण तिघंच निघालो की हो घरून.”

“मग?”

“तिघांनी कधी निघू नये. चौथा म्हणून निदान एखादा खडा तरी घ्यायला हवा होता.”

“शैला, तू बँकेत होतीस ना? की देवळात?”

पण उल्हासनी माझीच समजूत घातली. “घेऊ दे गं. खड्यानं काय बिघडतंय?” वीस वीस हजार अश्वशक्तीची इंजिनं चालवलेला माणूस!

रस्त्याकडेला एक बंद घर होतं, जुनं, लाकडी, गंजक्या पत्र्याचं. दाराबाहेर पायरी, पायरीवर एक करडा गुळगुळीत खडा, अंड्याएवढा. शैलानं तो उचलला आणि उल्हासच्या पाठपिशवीच्या कप्प्यात टाकला. आम्ही अकरा किलोमीटर चाललो. जुन्या दगडखाणीच्या तळ्याशी बसून शैलानं केलेले मेथीचे ठेपले खाल्ले. दिवस छान गेला, खोटं कशाला बोलू.

परतताना धक्क्यावर आठ माणसं बसली होती. आम्ही तिघं. मी म्हटलं, आता बाराव्याची वाट बघा. तेवढ्यात म्हातारा बोटवाला आला, बोटानं मोजत गेला आणि दोर सोडायला लागला. “ट्वेल्व्ह. कॅन.” म्हणजे झाले बारा, निघू या.

बोटीत बसल्यावर मी मोजलं. अकरा. परत मोजलं. अकरा.

“अंकल, इलेव्हन ओन्ली.”

“ट्वेल्व्ह लाह,” तो म्हणाला. वर बघितलंसुद्धा नाही.

बोटीत दाटीवाटी होती. तरी शैलाच्या शेजारची एका माणसापुरती जागा मोकळी होती, आणि तिथे सरकून बसायचं कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

सोमवारी सकाळी आमच्या इमारतीखालच्या टपरीवर कॉफी प्यायला गेलो. नऊ वर्षांची ओळख असलेल्या टपरीवाल्या आंटीनं चार कप ठेवले. मी एक परत दिला. मंगळवारी पुन्हा चार. मी जरा चिडूनच विचारलं तर ती गोंधळली. “तुमची पाहुणी मागून येतेय ना?”

“कुठली पाहुणी?” मी वळून बघितलं. मागे लिफ्ट होती, नुसती.

त्या आठवड्यात मला आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती मला मुळीच आवडली नाही. रिकाम्या लिफ्टमध्ये आम्ही तिघं एका बाजूला अंग चोरून उभे राहायला लागलो होतो. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं.

शनिवारी दुपारी अल्बानियातल्या आमच्या गाईडचा, तेऊताचा, व्हिडिओ कॉल होता. पंचविशीची हसरी पोर. तिनं बुटांचं सांगितलं, पावसाचं सांगितलं, डोंगरातल्या घरांत एकेका खोलीत चार खाटा असतात असं सांगितलं. “म्हणजे तुम्ही सगळे एकाच खोलीत मावाल.”

“आम्ही तिघं आहोत,” मी म्हटलं.

ती पडद्याजवळ वाकली. “आणि मागच्या बाई? त्या येत नाहीत?”

शैलानं लॅपटॉप खाडकन मिटला.

मग जे व्हायचं तेच झालं. शैला रडायला लागली. म्हणाली, “खडा आपल्या दारातला घ्यायचा असतो वहिनी, मी दुसऱ्याच्या पायरीवरचा उचलला, मला कसं सुचलं नाही!” उल्हास तेच बोलले जे मी चौतीस वर्षं ऐकत आलेय.

“सुमित्रा, रद्द करू या. पुढच्या वर्षी बघू.”

“नाही.”

“अगं, पण...”

“अहो, तुमच्या कंपनीसाठी रद्द केल्या, तुमच्या आईसाठी केल्या, मुलांच्या परीक्षांसाठी केल्या. आता एका दगडासाठी करू? जीव गेला तरी करणार नाही!”

“मी नाही येणार,” शैला म्हणाली. उल्हासनी मान खाली घातली. म्हणजे तेही नाही.

“नका येऊ. मी एकटी जाईन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खडा रुमालात बांधला आणि एकटीनं उबीन गाठलं. लख्ख ऊन होतं. सायकलवाली पोरं आरडाओरडा करत जात होती. ते बंद घर सापडलं. खडा मी होता तिथेच, पायरीवर ठेवला आणि चांगल्या खणखणीत आवाजात मराठीतच बोलले.

“हे बघा, कोण असाल त्या. चुकून उचललं, माफ करा. पण माझी सहल मी बुडू देणार नाही. समजलं? तुमचं घर हे. इथेच राहा.”

आत काही हललं नाही.

धक्क्यावर दहा माणसं होती. मी अकरावी. बोटवाल्यानं मोजलं आणि मान हलवली. “वन मोर. वेट.”

मला इतकं हसू आलं! बाराव्या माणसासाठी आम्ही वीस मिनिटं उन्हात बसलो, आणि त्यातलं एकेक मिनिट मला गोड लागलं. घरी आल्यावर मी उल्हासना सांगितलं, बघा, गणित जुळलं. ते हसले, पण येतो म्हणाले नाहीत.

मी तेऊताला लिहिलं: दोघं रद्द, मी एकटी येतेय.

बुधवारी सकाळी बॅग भरत असताना तिचं उत्तर आलं.

‘काही हरकत नाही. तुमच्या मैत्रीणबाई रविवारीच इथे पोचल्या. फार बोलत नाहीत.’

मी पलंगावर बसले.

‘चार खाटांची खोली तुम्हा दोघींनाच ठेवलीय. भिंतीलगतची खाट त्यांनी तुमच्यासाठी राखलीय. म्हणाल्या, तिला डाव्या कुशीवर झोपवत नाही, छातीत कळ येते.’

दोन महिने येतेय. मी ते उल्हासना सांगितलं नव्हतं, मुलाला नाही, डॉक्टरला नाही. कुणाला कळलं असतं तर मला जाऊ दिलं नसतं.

उल्हास दारात आले. “काय म्हणतेय ती?”

“काही नाही,” मी म्हटलं. “या म्हणतेय.”

आणि मी बॅगेची चेन ओढली.