पन्नास मिनिटांवरचा भाऊ

गडचिरोलीहून निघालेल्या बसला नागपूरला पोचायला सव्वाचार तास लागले. तृप्ती उतरली ती थेट रुग्णालयाकडे. सकाळी आईला दम लागला, तेव्हा शेजारच्या काकूंनी तिला आणि व्हँकुव्हरला तिच्या धाकट्या भावाला, कौस्तुभला, पाठोपाठ फोन केले होते.

तिने खोलीत पाऊल टाकले, तर कौस्तुभ आईला चमच्याने पेज भरवत बसलेला!

"तू? कधी आलास?"

"झाला की दीड तास."

बारा हजार किलोमीटर! पूर्वी विमाने बदलत यायला त्याचा अख्खा दिवस जाई. आता झेपयाने, म्हणजे झेप घेणारी नवी याने, आली होती. हवेचा दाट थर ओलांडून ती इतकी उंच जात, की तिथे अडवायला हवाच नसे. मग भिरकावलेल्या दगडासारखी पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला उतरत. अवघ्या पन्नास मिनिटांत. गडचिरोलीचा रस्ता मात्र होता तसाच होता.

"चिरंजीव वेळेवर आले," खोलीत आलेले डॉक्टर सांगू लागले. "त्यांनी सही केली आणि फुप्फुसातलं पाणी लगेच काढता आलं."

तृप्तीच्या अंगाचा तिळपापड झाला. अकरा वर्षे दर शनिवारी शाळेत शिकवून झाले की ती बस धरत होती. आईची औषधे, आईचे न्हाणे, आईची चिडचिड, सगळे तिच्या वाट्याला. आणि वेळेवर आला कोण?

त्यात आई म्हणाली, "कौस्तुभ आहे ना इथं. तू कशाला गं एवढी धावाधाव केलीस?"

तो चहा आणायला खाली गेला, तशी तृप्ती फुटली. "तो दिसला की कशी खुलतेस गं! माझ्यासाठी कधी खुललीस अशी?"

आईने नजर छताकडे वळवली. "ते यान सुरू होऊन किती महिने झाले?"

"चौदा."

"चौदा महिन्यांत तो आज पहिल्यांदा आला. आधी लांब आहे म्हणून येत नाही, अशी मनाची समजूत घालायचे. आता काय घालू?"

तृप्तीला आतून बरे वाटले. अगदी गार वाटले. मग आईच्या डोळ्यांच्या कडा ओलावलेल्या दिसल्या आणि तिला स्वतःचीच शिसारी आली.

"कामं असतात गं त्याला," ती कशीबशी म्हणाली. भावाची बाजू घ्यायची तिची ही पहिलीच वेळ.

कौस्तुभ चहाचे पेले घेऊन आला. उभ्याउभ्याच, जमिनीकडे बघत म्हणाला, "ताई, यापुढं दर शनिवारी मी येत जाऊ? तुझी दगदग वाचेल. आईलाही..."

त्याने एक पेला तिच्यापुढे धरला.

आई त्याच्याकडे बघत नव्हती. ती तृप्तीच्या तोंडाकडे बघत होती, जीव डोळ्यांत गोळा करून. तृप्तीने ओठ उघडले.

एवढेसे 'हो' ओठांपर्यंत यायला माणसाला किती वेळ लागतो?