साताऱ्याच्या यादीतला मिलिंद

पटलं तर घ्या, नाहीतर सोडा. पण हे घडलंय.

डिसेंबर १९९६. सांगलीतली एक रक्तपेढी, दिवेलागणीची वेळ. जिच्या बाबतीत घडलं ती माया कांबळे अजून तिथंच नोकरीला आहे.

माया रक्तदात्यांची यादी कॉम्प्युटरवर ठेवायची. प्रोग्रॅम नवा होता. नाव, गट, फोन या ठरलेल्या रकान्यांशेजारी आपल्या गरजेचे रकाने वाढवता यायचे. मायानं एक वाढवला होता. ‘बोलावू नये.’

त्यात पहिली नोंद तिच्या धाकट्या भावाची. मिलिंद. बी निगेटिव्ह. मयत.

साताऱ्याला एमआयडीसीत होता. कुणाचाही फोन आला की सायकल काढून रक्त द्यायला जायचा. आदल्या वर्षी त्यालाच ट्रकनं उडवलं, साताऱ्यातल्याच एका दवाखान्यात नेलं. मायानं त्याच्या गटाच्या माणसांना स्वतः फोन लावले. शंभूराज नावाचा एक बागायतदार तर दवाखान्याच्या मागच्याच गल्लीत राहायचा. येतो म्हणाला. मग पेशंटचं नाव विचारलं.

आडनाव ऐकलं आणि त्याला ताप आला.

बाकीच्यांचे फोन नुसते वाजत राहिले...

मिलिंद गेला.

ती यादी दर महिन्याला फ्लॉपीवर त्याच दवाखान्यात जायची. तिथला कॉम्प्युटर जुना, त्यातला प्रोग्रॅम त्याहून जुना. दारात संगमरवर बसवायला पैसा होता, याला नव्हता. जुन्या आवृत्तीसाठी यादी काढली की मायाचा रकाना गळून पडायचा. नाव राहायचं, मयत जायचं. म्हणून ती सोबत हातानं लिहिलेली चिठ्ठी जोडायची.

त्या महिन्यात रक्तपेढीच्या साहेबांनी चिठ्ठी काढून टाकली. कॉम्प्युटर घेतला तो चिठ्ठ्या लिहायला का, म्हणाले. वर हसले.

"मेलेला माणूस फोन उचलणाराय होय?"

त्या संध्याकाळी साताऱ्याहून फोन आला. पलीकडं मानसिंग, दवाखान्यात नवाच लागलेला तंत्रज्ञ. खुशीत होता. उसाच्या ट्रॉलीखाली सापडलेला पेशंट आला होता आणि बी निगेटिव्ह कुठंच मिळेना. यादीतल्या एकानंच पहिल्या रिंगला फोन उचलला, आणि लगेच आला.

"ताई, तुमचंच आडनाव हाय. मिलिंद कांबळे. आत्ताच सुई लावलीया."

यादीतला तो नंबर मिलिंदच्या खोलीमालकाचा. मालक गाव सोडून गेला होता... फोन केव्हाच कापला होता.

पेशंट कोण, तिनं विचारलं.

मानसिंगनं शंभूराजचं नाव सांगितलं.

ती मग म्हणाली, "रक्त देणाऱ्याला फोन द्या."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज. मानसिंगच्या चपला लांब गेल्या...

आणि कुणीतरी रिसीव्हर उचलला.

श्वास नाही. खोकला नाही. नुसता रबरी चेंडूचा आवाज. रक्त देताना हातात देतात तो. दाबला... सोडला... दाबला...

"मिलू?"

"आक्का." दमून घरी आल्यावर बोलायचा, तसाच. "माझ्या वक्ताला कोण कोण आलतं गं?"

चेंडू थांबला.

मायाच्या ओठांवर ते नाव आलं. वर्षभर ती त्याच नावावर दात खात जगली होती. एकदा सांगितलं असतं की तो सुई उपसून उठला असता. पिशवी अर्धीच राहिली असती, आणि शंभूराज...

तिला हेच तर हवं होतं.

पण भाऊ विचारत होता.

"लय जण आलते रं," ती म्हणाली. "दारात गर्दी मावंना. तूच थांबला न्हाईस."

मग चेंडू पुन्हा सुरू झाला. दाबला... सोडला...

थोड्या वेळानं मानसिंगचा आवाज आला. फोन अजून धरलाय का, म्हणून त्याला नवल वाटलं. तार कॉटपर्यंत पुरत नाही, म्हणून तो त्या माणसाला बोलवायला आत गेला होता. कॉट रिकामी. चादरीला सुरकुती नाही.

"पिशवी भरलीया ताई," तो हळूच म्हणाला. "पण हाताला बर्फागत लागतीया."

शंभूराज वाचला. रक्त कुणाचं, हे त्यानं विचारलं नाही. या खेपेला त्याला आडनावाची गरज पडली नाही.

यादी अजून तशीच जाते, रकान्याशिवाय. साताऱ्याचा फोन वाजला की माया उठते, परत बसते. भावाची भीती नाही तिला. तो पुन्हा तेच विचारेल, आणि दुसऱ्यांदा तिला खोटं बोलता येणार नाही...

भीती आहे ती याची.