भिंतीपलीकडची धाप

झोप येत नाही ना, पोरांनो? मग ऐका. पण मध्ये खिदळायचं नाही. ही गोष्ट माझ्या साडूची. तो फ्रिज आणि एसी दुरुस्त करतो. कामाला इतका सावकाश की सगळे त्याला थंडोबा म्हणतात. आणि खोटं बोलायला जी अक्कल लागते ती त्याच्याकडे नाही, म्हणून मी विश्वास ठेवला.

गेल्या मे महिन्यातली तेवीस तारीख, गुरुवार. संध्याकाळी साडेसातला त्याला एका शाळेतल्या बाईंचा फोन आला. तिसऱ्या मजल्यावर त्यांचा छोटा फ्लॅट. वडील दम्याचे, नुकतेच दवाखान्यातून घरी आलेले. हॉलमध्ये रस्त्याची धूळ येते म्हणून त्यांना आतल्या खोलीत निजवलेलं. त्या खोलीला खिडकीच नाही. आत पाऊल टाकलं की घाम फुटायचा.

"दादा, आज काहीतरी कराच," बाई म्हणाल्या. "खोली अशीच तापली तर पुन्हा भरती करावं लागेल, आणि या वेळी बाबा परत यायचे नाहीत हो."

थंडोबा चाकांचा एसी घेऊन गेला. हा एसी खोलीतली गरमी मागच्या जाड पाइपातून बाहेर फेकतो. पाइप एरवी खिडकीतून काढतात. इथे काय करणार? त्यानं भिंती ठोकून पाहिल्या. पलंगाच्या उशाकडची भिंत पोकळ वाजली. मागे इमारतीची डक्ट होती, म्हणजे नळ-पाइपांसाठी तळापासून गच्चीपर्यंत सोडलेली उभी पोकळी.

आता या धंद्यात एक रीत आहे. डक्टमध्ये पाइप सोडण्याआधी गच्चीवर जाऊन तिचं तोंड उघडं आहे ना, ते बघायचं. जन्मात कधी घाई न केलेल्या या माणसानं नेमकी त्या दिवशी घाई केली. म्हातारबांची छाती भात्यासारखी वरखाली होत होती, ते त्याला बघवेना. भोक पाडलं, पाइप आत सोडला, बटण दाबलं.

अर्ध्या तासात खोली गार. म्हातारबांचा डोळा लागला. बाईंना रडूच फुटलं. "थांबा दादा, चहा टाकते," म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या.

नऊ वाजून चाळीस मिनिटं. थंडोबा हत्यारं आवरत होता. तेवढ्यात भिंतीत कोणीतरी खोकलं.

शेजारी असतील असं वाटलं, तरी त्यानं पाइपाला कान लावला.

"...गरम होतंय..."

हसू नका म्हटलं ना!

पुन्हा आवाज आला. थकलेला. अगदी जवळून. "...बंद करा ना..."

त्यानं मशीन बंद केलं. आवाज थांबला. पण पाचच मिनिटांत म्हातारबांची घरघर सुरू झाली. ओठ निळसर पडले. बाई धावत आल्या. "बंद का केलंत? चालू करा!"

चालू केलं. म्हातारबा निवले. आणि भिंतीत... ठक. ठक. ठक.

या वेळी बाईंनीही ऐकलं. त्या कुजबुजल्या, "काहीही असो... बंद करू नका. माझे बाबा आहेत ते."

थंडोबा टॉर्च घेऊन गच्चीवर पळाला. डक्टच्या तोंडावर स्लॅब. वर पाण्याची टाकी. खाली वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "खालूनही विटा लावल्यात. मी इथे लागायच्या आधीपासून."

म्हणजे गरमी बाहेर जातच नव्हती. तिथेच कोंडत होती. आत जे कोणी होतं... त्याच्यासकट.

तो परत आला. ठकठक थांबली होती. आता नुसती धाप. भिंतीपलीकडे.

त्यानं मशीन बंद केलं. पाइप ओढून काढला. त्याला दुसरा जोडला आणि हॉलमधून स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर नेला. बारा मिनिटं लागली. बारा मिनिटं बाई वहीनं वडिलांना वारा घालत होत्या. मग मशीन सुरू झालं. भोकावर पत्रा लावण्याआधी थंडोबानं तोंड जवळ नेलं. "चुकलं माझं. न बघता केलं. माफ करा."

मग त्यानं पत्रा लावला, चार स्क्रू आवळले आणि घर गाठलं.

रात्री दीडला वीज गेली. बाईंना दमून हॉलमध्येच झोप लागलेली. सहाला जाग आली तर मशीन बंद. दार ढकलायचा धीर होईना...

म्हातारबा जागे होते. शांत. खोली गारेगार.

"रात्रभर फुंकर कोण घालत होतं गं?" त्यांनी विचारलं. "उशाकडून..."

बाईंचा फोन जाताच थंडोबा धावत आला. पत्रा भिंतीशी टेकवून ठेवला होता. भोक उघडं. आणि म्हातारबांच्या पेल्याशेजारी चारही स्क्रू एका ओळीत मांडलेले.

ते स्क्रू खोलीच्या बाजूनं आवळलेले होते, पोरांनो. आणि त्या घरात पेचकस नव्हता.