शनिवारची दुर्बीण

धाराशिवहून तेरला निघालेल्या बसमध्ये श्रावस्तीनं दुर्बिणीची लांबलचक पेटी खिडकीच्या सीटवर ठेवली आणि स्वतः कडेला बसली.

"या तोफेचं तिकीट काढलंय का?"

तिनं वर पाहिलं. समोर एक तरुण उभा होता. हातात डबा, इस्त्रीच्या शर्टावर शाईचा डाग... आणि ओठांत दाबलेलं हसू.

"तोफ नाही, दुर्बीण आहे. आणि तिला खिडकीच लागते."

"मग मी उभाच राहतो. विज्ञानाचा मान राखायला हवा!"

तो खरंच तेरपर्यंत उभा राहिला. उतरल्यावर पेटीचं एक टोक त्यानंच धरलं. शाळेच्या फाटकाशी तिला कळलं, ज्या विज्ञानाच्या शिक्षकांना भेटायचं होतं, ते प्रसेनजित सर हेच!

श्रावस्ती येडशीची, शिकून इंजिनिअर झालेली. आता एका संस्थेतर्फे शाळाशाळांतून मुलांना विज्ञानाची, यंत्रांची गोडी लावायची. दुर्बिणीला खास फिल्टर लावून तिनं मुलांना सूर्यावरचे डाग दाखवले. दहावीतली निकिता डोळा हलवायला तयार नव्हती.

"मॅडम, हे बघायला कुणी पगार देतं का?"

"देतं की! दुर्बीण बनवणाऱ्यालाही देतं."

"मग मला बनवायचीय."

पुढं दर शनिवारी श्रावस्ती तेरला येऊ लागली. एकदा दुर्बिणीचा स्क्रू आवळताना दोघांची बोटं एकमेकांना लागली.

"घट्ट झाला," तो म्हणाला.

"झाला..."

हात मात्र कुणीच काढला नाही.

दहावीची परीक्षा संपली आणि निकिताला वडील पुढं शिकवणार नाहीत, असं श्रावस्ती आणि प्रसेनजितच्या कानावर आलं. दोघं तडक तिच्या घरी गेले. अंगणातल्या लिंबाखाली तिच्या आईनं, द्वारकाबाईंनी चहा दिला.

"पोरगी हुशार हाय, मला ठावं हाय," निकिताचे वडील कोंडीराम म्हणाले. "पर लई शिकल्याल्या पोरीला पोरगा मिळत न्हाय, मॅडम. तुमचंच बघा, झालं का लगीन?"

श्रावस्तीच्या हातातला कप तसाच राहिला.

"यांना मिळत नाही असं कोण म्हणतं?" प्रसेनजित एकदम बोलून गेला. "मी... म्हणजे... मी एका पायावर तयार आहे!"

निकितानं ओढणी तोंडावर धरली.

"मिळाला की वो पोरगा!" द्वारकाबाई हसत म्हणाल्या.

कोंडीरामही हसले, पण लगेच गंभीर झाले. "कालेजाला रोज धाराशिवला जायाचं... एकटी पोर..."

"सुरुवातीला मी तिथं स्टँडवर घ्यायला येईन, काका," श्रावस्ती म्हणाली. "माझी आईपण घाबरायची. मी कॉलेजला निघाले की वळणापर्यंत बघत राहायची. पण तिनं अडवलं नाही."

कोंडीरामांनी लेकीकडं पाहिलं. "तुला काय करायचंय गं?"

"इंजिनिअर व्हायचंय, अण्णा. जाऊ द्या मला. न्हाय झेपलं तर मीच सांगंन."

त्यांनी रिकामा कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "जा. पर अर्ध्यातनं सोडायचं न्हाय."

निकितानं आईला मिठी मारली.

दोघं परतीच्या वाटेला लागले. तेरणा नदीकडून वारा येत होता. थांब्यापाशी श्रावस्ती म्हणाली, "काकांना सांगितलंत, काकूंना सांगितलंत... मला कधी सांगणार, सर?"

त्याचे कान लाल झाले. "घरी जाऊन वाक्य जुळवणार होतो, मॅडम."

"इथंच जुळवा."

"श्रावस्ती... मला तुम्ही आवडता. फार."

"तुम्ही?"

"...तू."

तिनं मान खाली घातली, पण हसू काही लपेना. "मलाही तू आवडतोस," ती म्हणाली, अगदी हळू.

धुरळा उडवत बस आली. कंडक्टरनं विचारलं, "चला ताई, धाराशिव?"

"तुम्ही व्हा पुढं," श्रावस्ती म्हणाली. "मी मागच्या बसनं येते."