गुरुवारचे चाकू

पाऊस भुरभुरला नसता, तर शूगो ओरितो त्या मांडवात शिरलाही नसता.

ऑक्टोबरातली, जपानातल्या सेकी गावची जत्रा. हे गावच धारेवर जगणारं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सुऱ्या, कात्र्या, वस्तरे मांडलेले, आणि माणसं पावसातही हलायला तयार नाहीत. सावाको इवाता वडिलांच्या मांडवात बुटक्या पाटावर बसून गिऱ्हाइकांच्या सुऱ्यांना धार लावत होती. दगडावर पाणी, पाण्यावर पातं... शर्र, शर्र. एवढ्यात एक उंच माणूस अंग चोरून ताडपत्रीखाली येऊन उभा राहिला. छत्री नाही. छातीशी वर्तमानपत्राचं एक पुडकं मात्र तान्ह्या बाळासारखं जपून धरलेलं.

"धार लावायचीय?" सावाकोनं मान वर न करता विचारलं.

"नाही... पाऊस थांबायची वाट बघतोय."

"ते बरं. पावसाला आम्ही धार लावत नाही. त्याची त्याला असते."

तो हसला. मोठ्यानं नाही, नुसते खांदे हलले. मग त्यानं पुडकं उघडून पाहिलं. आत तीन चाकू होते, जुने, मिटवायचे. पितळी पत्र्याची मूठ, मागे छोटीशी शेपटी, ती अंगठ्यानं दाबली की पातं बाहेर. पन्नास-साठ वर्षांपूर्वी शाळेतल्या प्रत्येक पोराच्या खिशात असायचे तसले. तिन्ही गंजून तपकिरी झालेले.

"ई!" सावाको म्हणाली. "एवढी सगळी जत्रा नवीन मालानं भरलीय, आणि तुम्ही हे निवडून घेतलंत?"

"दोनशे अकरा झाले यांना धरून."

"आणि कापता काय त्यांनी?"

"काहीच नाही."

मांडवाच्या कोपऱ्यात चहा पिणाऱ्या तिच्या बाबांना ठसका लागला. धारवाल्याच्या मांडवात असं बोलणं म्हणजे देवळात जाऊन देव नाही म्हणण्यासारखंच! पण त्या माणसाच्या ते गावीही नव्हतं. त्यानं एक चाकू तिच्यापुढे धरला. "गंज आत शिरतोय. तेवढा थांबवता येईल? पण धार नको हं, चमक नको... आहे तसाच राहू दे."

"म्हणजे आजार बरा करायचा, पण रोग्याला उठू द्यायचं नाही," सावाको म्हणाली. "गुरुवारी या दुकानात."

गुरुवारीच का म्हणाली, तिलाही माहीत नव्हतं. पण नेमकी त्याची सुट्टी गुरुवारी असे. तो डोंगरातल्या खेड्यांकडे जाणाऱ्या बसचा चालक होता.

तो आला. पुढच्या गुरुवारीही आला. दर खेपेला दोन-तीन चाकू आणी, आणि काम होईपर्यंत दाराजवळच्या बाकावर बसून राही. तिसऱ्या की चौथ्या खेपेला सावाकोला राहवलं नाही.

"खरं सांगा ओरितोसान, कशाला गोळा करता? कापत नाही, विकत नाही... लोक निदान तिकिटं जमवतात, ती चिकटवता तरी येतात."

"डोळे मिटा," तो म्हणाला.

"का?"

"मिटा तर खरं."

तिनं मिटले. हातात काहीतरी गार, जड आलं. मग हळूहळू ते तिच्या तळव्याइतकंच ऊबदार झालं.

"अंगठा कुठे जातोय?"

अंगठा आपोआप एका खोलगट जागी जाऊन बसला होता. पितळ तिथं झिजलं होतं. पण ती जागा भलतीकडे होती, उलट्या बाजूला...

"डावखुरा होता!" सावाको डोळे उघडत म्हणाली.

"होता किंवा होती. कुणीतरी चाळीस वर्षं हा असा धरला, म्हणून तो खळगा पडला. नाव नाही, फोटो नाही. पण हात धरल्यासारखा वाटतो की नाही?" तो जरासा लाजला. "दुकानात नव्या कोऱ्या सुऱ्या बघायलाही मला आवडतात. पोलादाचं वजन, मिटताना होणारा तो 'टक्'... लहानपणापासूनच तो आवाज आवडतो. पण जमवतो ते वापरलेलेच. त्यांत कुणीतरी असतं."

सावाकोनं तो चाकू उजेडाकडे धरला. मग एकदम म्हणाली, "होती नाही, होता. आणि बांबू तासायचा."

"तुम्हाला कसं कळलं?"

"पात्यावरून. मधोमध पोट गेलंय बघा, आणि टोक जसंच्या तसं. फळं कापणाऱ्याचं टोक आधी जातं. हा दिवसभर एकाच जागेनं ओढत होता. टोपल्या करणारा असणार. आमच्या या भागात टोपल्या पुरुषच करायचे."

तो तिच्याकडे बघतच राहिला. चाकूकडे नाही, तिच्याकडे. पाच वर्षं तो मुठी वाचत आला होता. पात्यांनाही काही सांगायचं असतं, हे त्याला आज कळलं.

तेव्हापासून गुरुवार त्या दोघांचा झाला. तो मूठ वाचायचा, ती पातं वाचायची. एका चाकूमागे आंबट सफरचंदं कापणारी बाई निघाली. रसानं पातं काळं पडलं होतं. एक पेन्सिली छिलणारा निघाला, तो फारच चिंतातुर असावा, कारण पातं अर्धंच उरलं होतं. "परीक्षेत नापास झाला असेल हो," सावाको म्हणायची. "छे, पास झाला आणि मग मास्तर झाला," तो म्हणायचा. बाबा आतून ओरडायचे, "अगं, गिऱ्हाइकाच्या सुऱ्या पडल्यात तिकडे!"

त्याचा सगळ्यांत लाडका चाकू त्यानं डिसेंबरात आणला. त्याच्या मुठीवर खिळ्यानं ओरखडून कुण्या पोरानं आपलं नाव लिहिलं होतं. पहिलं अक्षर 'का', पुढची दोन झिजलेली. गेली चार वर्षं तो ती लावायचा प्रयत्न करत होता.

"कात्सुओ?"

"कानाए?"

"काझुमा... नाही, शेवटी 'मा'एवढी जागा नाही."

"कावळा!" सावाको म्हणाली, आणि दोघं पोट धरून हसली.

"तुमच्याकडेच राहू दे आठवडाभर," जाताना तो म्हणाला. "गंज थोडाच आहे. पण तुम्ही रोज बघाल, तर कदाचित दिसेल काहीतरी."

आपली सर्वांत आवडती वस्तू तो ठेवून गेला, या आनंदात ती तीन दिवस तरंगत होती. चौथ्या दिवशी तिच्या मनात आलं, वरची काजळी निघाली तर अक्षरं उजळून दिसतील. गुरुवारी तो दारातून येईल आणि आपण नाव सांगू... तिनं मूठ पॉलिशच्या चाकाला लावली. क्षणभरच. हात तयार होता, चाक जोरात होतं. तिनं चाकू उलटून पाहिला.

पितळ सोन्यासारखं लखलखत होतं. त्यावर तिचा स्वतःचा चेहरा दिसत होता. आणि काहीही नव्हतं. 'का'सुद्धा नाही.

गुरुवारी तिनं तो त्याच्यापुढे ठेवला आणि वाकून माफी मागितली. पुन्हा मागितली. पुन्हा मागितली. शूगोनं चाकू उचलला, अंगठा मुठीवरून एकदा फिरवला.

"छान चमकतोय," तो म्हणाला. चाकू वर्तमानपत्रात गुंडाळला, नेहमीसारखा वाकला आणि गेला.

ओरडला असता, तर तिला बरं वाटलं असतं.

पुढच्या गुरुवारी बाक रिकामा होता. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या गुरुवारी बाबा तिच्याजवळ येऊन बसले. तिच्या हातातली सुरी त्यांनी काढून घेतली, कारण ती मघापासून एकच बाजू घासत होती.

"दगडावर गेलेलं पोलाद परत येत नाही," ते म्हणाले. "म्हणून धारवाल्यानं आधी विचारायचं असतं."

"मला कळलंय हो बाबा. तेच ते कशाला..."

"मी चाकूबद्दल बोलत नाही. तू इथं बसून मनातल्या मनात ठरवतेयस तो काय विचार करतो ते. विचारलंस त्याला?"

दुसऱ्या दिवशी दुपारी सावाको बसमध्ये चढली.

डोंगराकडे जाणाऱ्या बसला त्या वेळी गर्दी नसते. मागे एक आजीबाई मांडीवर कांद्याच्या पातीची जुडी घेऊन बसली होती, बस्स. सावाको अगदी पुढे बसली. समोर पाटी होती: 'बस चालू असताना चालकाशी बोलू नये.' वरच्या आरशात त्याचे डोळे क्षणभर तिच्यावर थांबले आणि रस्त्याकडे वळले. निळ्या टोपीत तो वेगळाच दिसत होता, जरासा परका.

पहिला थांबा आला. जुना पूल. बस थांबली, दार उघडलं, कुणी चढलं नाही.

"मी माफी मागायला आलेय," सावाको घाईनं म्हणाली.

"मागितलीत की त्या दिवशी. सतरा वेळा."

"मोजत होतात?"

दार मिटलं. पाटी समोर होती. खाली नदी हिरवीगार वाहत होती, आणि घराघरांच्या वळचणीला सोललेली पर्सिमनची फळं माळा करून वाळत टांगलेली. दुसरा थांबा, शाळेपुढे.

"मग आला का नाहीत?"

तो काहीतरी बोलणार, इतक्यात घड्याळाकडे त्याची नजर गेली. वेळ झाली होती. बस निघाली. सावाकोनं ओठ चावला. पुढचा थांबा फार लांबचा होता. वळणामागून वळणं...

आणि मग छतातला ध्वनिक्षेपक खरखरला.

"पुढचा थांबा, देवळाची पायरी," शूगोचा आवाज आला. सरकारी, सपाट. मग थोडा थांबला. "प्रवाशांना... अं... सूचना देण्यात येते, की नाव गेल्याचं वाईट वाटलं. एक दिवस."

सावाकोनं चमकून छताकडे पाहिलं.

"बाकीचे वीस दिवस दुसरीच काळजी होती. कृपया दांडी धरावी, पुढे वळण आहे." बस वळली. "माझ्याकडचे गंजलेले चाकू नोव्हेंबरातच संपले होते. त्यानंतर मी विकत घेत होतो. गंजलेले. बिननावाचे. मला मुळीच न आवडणारेसुद्धा. फक्त गुरुवारी न्यायला काहीतरी हवं म्हणून. तो नाववाला आणला, तेव्हा घरात दुसरा गंजलेला उरलाच नव्हता. मग तोही गेल्यावर... रिकाम्या हातानं काय म्हणून येऊ? तुमच्या दारात पाऊसही पडत नव्हता."

ध्वनिक्षेपक खट्ट करून बंद झाला. आरशात त्याचे कान लालबुंद दिसत होते.

देवळाच्या पायरीशी बस थांबली. दार उघडलं. शेवटी मागून आवाज आला.

"मला इथं उतरायचं होतं," आजीबाई म्हणाली. "पण आता कशी उतरू? चल रे बाबा, पुढे चल. येताना सोड."

शेवटच्या थांब्यावर बस वळून उभी राहिली. परतीला नऊ मिनिटं होती. शूगोनं टोपी काढली आणि जागेवरून उठून आला, पण काय करावं ते न कळून दांडीला धरून नुसताच उभा राहिला. सावाकोनं पिशवीतून एक चाकू काढला. पितळी, मिटवायचा. आठव्या वर्षी बाबांनी दिलेला. मुठीवर खिळ्यानं, वेड्यावाकड्या अक्षरांत, ठसठशीत: सावाको.

"बावीस वर्षं वापरतेय," ती म्हणाली. "तुमचं एक नाव मी पुसलं. ते परत आणता येत नाही मला. याच्यावर आहे ते वाचायला चार वर्षं लागणार नाहीत. घ्या."

त्यानं चाकू हातात घेतला. अंगठा बरोब्बर खळग्यात बसला. तिच्या अंगठ्याचा खळगा, त्याला जरासा लहान. त्यानं पातं उघडलं आणि वाचायचा प्रयत्न केला. तिनंच शिकवलं होतं.

"पेन्सिली," तो म्हणाला. "मग... दोऱ्या? आणि टोक गेलंय... फळं. खूप फळं."

"पर्सिमन. एका बैठकीत पाच."

तो हसला. मग चाकू मिटून, दोन्ही हातांनी धरून, तिच्यापुढे परत केला.

"हा नाही घेता येणार."

सावाकोचा चेहरा उतरला. "अजून राग आहे?"

"मालक हयात असलेला चाकू मी घेत नाही. त्याचं काम अजून संपलेलं नसतं. असा एकटा उचलून पेटीत ठेवला, तर... अन्याय होतो त्याच्यावर." तो थांबला. टोपी या हातातून त्या हातात गेली. "एकच मार्ग आहे."

"कोणता?"

"मालकिणीसकट घ्यावा लागेल."

बाहेर कुठेतरी ओढा खळखळत होता. सावाकोनं मान खाली घातली, आणि मग तिचे खांदे हलायला लागले. तो घाबरून वाकला, तर ती हसत होती. डोळ्यांत पाणी, आणि हसत होती.

"दोनशे अकरा चाकूंच्या घरात?"

"दोनशे एकोणतीस झालेत. त्यांतले निम्मे तुमच्यामुळेच वाढलेत."

"वाढवून सांगू नका. अठराच होतात."

"मोजत होतात?"

"हो," सावाको म्हणाली. आणि मग, त्यानं चुकून फक्त मोजण्याबद्दलच समजू नये म्हणून, त्याच्या डोळ्यांत बघत पुन्हा म्हणाली, "हो, शूगोसान. हो."

परतीची बस वेळेवर निघाली. सावाको पुन्हा त्याच पुढच्या जागेवर बसली, आणि पाटीवर लिहिल्याप्रमाणे गावापर्यंत चालकाशी एक अक्षरही बोलली नाही.